मागाहूनचे सांधे : कादंबरीमाला, असिमॉव्ह आणि खानदेशातील एक उदाहरण

एका लेखकाच्या अनेक कादंबऱ्या परस्परांशी 'जोडलेल्या' आहेत असे आपण म्हणतो, तेव्हा हा जोड कोणी, केव्हा आणि कशाच्या बळावर केला हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. जोड जणू संहितेतच होता आणि समीक्षकाने तो फक्त उघड केला, असे गृहीत धरले जाते. कादंबरीचा इतिहास या गृहीताला फारसा दुजोरा देत नाही. झोलाने 'रूगों-माकार' या वीस कादंबऱ्यांच्या मालेचा (१८७१-१८९३) आराखडा आधी केला आणि मग त्याबरहुकूम लेखन केले. पण झोला हा अपवाद आहे. बाल्झाकचे उदाहरण अधिक प्रातिनिधिक ठरते. 'ले पेर गोरियो' (१८३५) लिहिताना त्यातील तरुण विद्यार्थ्याला त्याने प्रथम वेगळे नाव दिले होते. लेखन चालू असतानाच ते नाव खोडून त्याने 'रास्तिन्याक' हे नाव घातले, म्हणजे १८३१ च्या कादंबरीत आधीच येऊन गेलेल्या एका प्रौढ, सरावलेल्या माणसाचे नाव त्याच्या तरुणपणाला दिले. एका नावाच्या बदलाने दोन स्वतंत्र कादंबऱ्या एकाच विश्वात आल्या. 'मानवी सुखात्मिका' हे सर्वसमावेशक शीर्षक आणि त्याची प्रस्तावना १८४२ ची, म्हणजे कितीतरी नंतरची. जोड मागाहूनचा आहे, आणि तो झाल्यावर आधीची संहिता पहिल्यासारखी राहत नाही.

मराठीत मालेची परंपरा जुनी आहे, परंतु ती बहुतांशी तयार सांध्यांची परंपरा आहे. हरिभाऊ आपट्यांनी आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना 'आजकालच्या गोष्टी' असे समान शीर्ष दिले, त्यात विश्वाच्या एकतेपेक्षा काळाच्या एकतेची जाणीव आहे. नाथमाधवांच्या स्वराज्यविषयक कादंबऱ्या किंवा वि. वा. हडपांची 'कादंबरीमय पेशवाई' यांना इतिहासाने कालक्रम आयताच पुरवला. लेखकाला तो निर्माण करावा लागला नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या शेकडो रहस्यकथांना धनंजय-छोटू किंवा झुंजार यांची नावे जोडतात. पण त्या नायकांना वय नाही आणि आधीच्या गोष्टीची स्मृतीही नाही. वयाशिवाय आणि स्मृतीशिवाय मालिका होते, विश्व होत नाही.

विज्ञानसाहित्यात तरी हे घडायला हवे होते, कारण स्वतःचे काल-अवकाश स्वतः रचण्याची मुभा याच प्रकाराला सर्वांत जास्त आहे. मराठीत ते घडले नाही. नारायण धारपांनी 'समर्थ' हे पात्र कथेमागून कथेत चालवले, परंतु ते भयकथेच्या प्रांतात. जयंत नारळीकरांच्या 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' या कादंबऱ्या एकमेकींपासून अलग आहेत. प्रत्येक एका वैज्ञानिक शक्यतेचा स्वतंत्र प्रयोग आहे. याचे एक कारण प्रकाशनव्यवहारात सापडते. १९७४ साली नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली आणि ती पुरस्कारप्राप्त ठरली, हे सर्वश्रुत आहे. स्पर्धा आणि दिवाळी अंक ही मराठी विज्ञानकथेची दोन प्रमुख आश्रयस्थाने होती, आणि दोन्ही सुट्या, स्वयंपूर्ण कथेचीच मागणी करणारी. पुढच्या महिन्यात तोच वाचक भेटेल या खात्रीवर माला उभी राहते. वर्षातून एकदा येणारा दिवाळी अंक ती खात्री देत नाही.

अमेरिकेत ती खात्री होती. 'अस्टाउंडिंग' या मासिकाने १९४१ साली हाइनलाइनच्या कथांचा भविष्यकालीन तक्ताच छापला. त्याच मासिकात, त्याच संपादकाच्या, जॉन कँपबेलच्या हाताखाली आयझॅक असिमॉव्ह (१९२०-१९९२) लिहीत होता. त्याच्या यंत्रमानवकथा १९४० पासून येऊ लागल्या आणि १९५० मध्ये 'आय, रोबॉट' या नावाने ग्रंथरूप झाल्या. गिबनच्या रोमन साम्राज्याच्या ऱ्हासेतिहासावरून सुचलेल्या 'फाउंडेशन' कथा १९४२ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या आणि १९५१ ते १९५३ या काळात त्यांची तीन पुस्तके झाली. याखेरीज 'पेबल इन द स्काय' (१९५०) आदी तीन साम्राज्यविषयक कादंबऱ्या, आणि 'द केव्ज ऑफ स्टील' (१९५४) व 'द नेकेड सन' (१९५७) या यंत्रमानव-गुप्तहेराच्या दोन. या मालांचे नियम एकमेकींशी जुळणारे नव्हते. यंत्रमानवकथांतील पृथ्वी यंत्रमानवांशिवाय अकल्पनीय, तर 'फाउंडेशन'च्या आकाशगंगेत यंत्रमानव औषधालाही नाही. साम्राज्यविषयक कादंबरीत पृथ्वी किरणोत्सर्गाने दूषित झालेली आहे, पण ती तशी का झाली याचे समाधानकारक कारण नाही. हे दोष मानण्याचे कारण नाही. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या प्रश्नांसाठी लिहिलेल्या त्या वेगवेगळ्या कलाकृती होत्या.

ऐंशीच्या दशकात प्रकाशकाच्या आग्रहावरून असिमॉव्ह 'फाउंडेशन'कडे परतला आणि 'फाउंडेशन्स एज' (१९८२) या कादंबरीने त्याला प्रथमच खपाच्या याद्यांत नेले. तिथून सांधेजोड सुरू झाली. 'रोबॉट्स अँड एम्पायर' (१९८५) मध्ये पृथ्वी दूषित का झाली याचे कारण दिले गेले: मनुष्यजातीने पृथ्वी सोडून आकाशगंगेत पसरावे म्हणून एका यंत्रमानवाने ते घडू दिले. व्यक्तीपेक्षा मनुष्यजातीचे हित श्रेष्ठ मानणारा 'शून्यावा' नियम त्यासाठी रचावा लागला. 'फाउंडेशन अँड अर्थ' (१९८६) च्या अखेरीस कळते की डॅनील ऑलिव्हॉ हा १९५४ च्या कादंबरीतील यंत्रमानव वीस हजार वर्षे पडद्याआड राहून मानवाचा सांभाळ करीत आला आहे. 'प्रिल्यूड टू फाउंडेशन' (१९८८) मध्ये तर हॅरी सेल्डनला त्याच्या शास्त्राकडे वळवणाराही डॅनीलच. याच कादंबरीच्या आरंभी असिमॉव्हने आपली पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत याची यादी दिली. तो क्रम लेखनाचा नाही, कथाकालाचा आहे.

पोकळ्या बुजल्या, हे खरे. पण किंमत काय पडली? चाळिशीच्या दशकातील 'फाउंडेशन'चा गाभा असा होता की वायूतील एकेका कणाची गती सांगता येत नसली तरी वायूच्या राशीचे वर्तन सांगता येते. त्याचप्रमाणे व्यक्तीचे नव्हे, परंतु समूहाचे भवितव्य गणिताने मांडता येते. ही इतिहासाची निर्वैयक्तिक कल्पना होती आणि तिचे भय व तिचे आकर्षण दोन्ही त्या निर्वैयक्तिकतेत होते. डॅनील आल्यावर इतिहासाला पालक मिळाला. ज्या प्रक्रियेला कर्ता नव्हता तिला कर्ता आला, आणि १९४२ ची कथा १९८८ च्या वाचकासाठी एका दीर्घायुषी हितचिंतकाच्या योजनेचा एक टप्पा होऊन बसली. जोड लावणारा लेखक आधीच्या पुस्तकात एक शब्दही न बदलता ते पुस्तक बदलू शकतो. माझ्या मते असिमॉव्हच्या बाबतीत हा बदल नुकसानीचा आहे, जरी त्याच्या चाहत्यांना तो परिपूर्तीचा वाटतो.

हे सर्व सांगण्याचे प्रयोजन आमच्या खानदेशात आहे. भालचंद्र नेमाडे यांचा जन्म १९३८ चा, जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यात, सांगवी या गावी. नगर, धुळे, औरंगाबाद अशा गावांत अध्यापन करीत ते पुढे लंडन, गोवा, मुंबईपर्यंत गेले. त्यांची कादंबरी तीन टप्प्यांत येते: 'कोसला' (१९६३), 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' हे चांगदेव चतुष्टय (१९७५-१९७९), आणि एकतीस वर्षांच्या अंतराने, नियोजित मालेचा पहिला भाग म्हणून आलेली 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०). २०१० नंतर, आणि विशेषतः २०१४ च्या ज्ञानपीठ पुरस्कारानंतर, या तीन टप्प्यांना एक अखंड महाप्रकल्प मानून वाचण्याची प्रथा रूढ झाली आहे. शोधनिबंधांची शीर्षकेही याच वळणाची असतात. 'कोसला' हे बीज, चतुष्टय हे खोड, 'हिंदू' हा विस्तार. वृक्षाची ही उपमा इतकी सोयीची आहे की कादंबऱ्या न वाचताही तिच्यावर प्रकरण लिहिता येते.

प्रत्यक्ष संहिता काय सांगतात? पहिली गोष्ट नावाची. 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर, चतुष्टयाचा चांगदेव पाटील, 'हिंदू'चा खंडेराव. बाल्झाकने नाव बदलून जोड साधला होता. नेमाड्यांनी नाव बदलून तो नाकारला आहे. पांडुरंगाचे पुण्यातील शिक्षण फसते, तो गावी परततो आणि कादंबरी तिथे थांबते. चांगदेव एम. ए. झालेला, गावोगावच्या खाजगी महाविद्यालयांत नोकरी करणारा प्राध्यापक आहे. पांडुरंगाला परीक्षा उत्तीर्ण करून चांगदेव करणे लेखकाला सहज शक्य होते, वाचकांनी त्याचे स्वागतही केले असते, कारण १९७५ पर्यंत पांडुरंग सांगवीकर हे मराठी तरुणांच्या एका पिढीचे नाव झाले होते. ते लेखकाने केले नाही. हा नकार चरित्रात्मक साम्ये दाखवून पुसून टाकता येणार नाही.

दुसरी गोष्ट निवेदनाची. 'कोसला' ही प्रथमपुरुषी आहे आणि तिचे सारे सामर्थ्य त्या 'मी'च्या आवाजात, त्याच्या अडखळण्यात, पुनरुक्तीत आणि स्वतःच्याच विधानांना मोडीत काढण्यात आहे. हा आवाज जगाबद्दल बोलत असतानाही जगाचे वर्णन करीत नाही. चतुष्टयात निवेदन तृतीयपुरुषी होते. 'मी' काढून घेतला की आजूबाजूचे लोक आत येतात: संस्थाचालक, प्राचार्य, जातींचे गट, भाड्याच्या खोल्यांचे मालक, एका गावातून दुसऱ्या गावात हलवायचे सामान. 'बिढार' या शब्दातच हे हलते घर आहे. साठोत्तर काळात ग्रामीण महाराष्ट्रात महाविद्यालये ज्या झपाट्याने निघाली आणि त्यांत पहिल्या पिढीचे शिक्षित ज्या अटींवर सामावले गेले, त्याचा इतका तपशीलवार दस्तऐवज समाजशास्त्राने आपल्याला दिलेला नाही. (त्या महाविद्यालयांत आयुष्य काढलेल्यांना काही प्रसंग वाचताना अजून हसू येते आणि लगेच थांबते.) म्हणजे 'कोसला' आणि चतुष्टय यांच्यातील फरक एका नायकाच्या वयाचा नाही, कादंबरी कशाचे ज्ञान देऊ शकते याविषयीच्या कल्पनेचा आहे.

मग जोड नाहीच का? आहे, पण तो असिमॉव्हच्या जातीचा नाही. तो व्यक्तीतून जात नाही, भूमीतून जातो. सातपुडा आणि तापी यांच्यामधला पट्टा, त्यातील कुणबी घर, घरातील बाप आणि शिकायला बाहेर पडलेला मुलगा ही रचना तिन्ही टप्प्यांत टिकून आहे. 'कोसला'त मुलगा बापाशी भांडतो, चतुष्टयात बापाचे घर दूर राहते, 'हिंदू'त मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव बापाच्या निमित्ताने मोरगावला परततो आणि त्याच्यावर घराण्याचा सगळा पसारा येऊन पडतो. हाही तीन पात्रांचा एकत्रित जीवनप्रवास नाही. एका नात्याची तीन रूपे आहेत, आणि प्रत्येक रूप स्वतंत्रपणे पुरे आहे.

नावांकडे पुन्हा पाहिले तर आणखी एक सूत्र हाती लागते. पांडुरंग, चांगदेव, खंडेराव: वारकऱ्यांचा देव, नाथपंथीय आख्यायिकांतील योगी, धनगर-मराठ्यांचे कुलदैवत. तिन्ही नावे मराठी मुलखातील उपासनांची आहेत. त्यांतील चांगदेव हे नाव तर अगदी स्थानिक. तापी-पूर्णेच्या संगमावर मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव नावाचे गाव आणि त्याचे जुने मंदिर उभे आहे. चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याने ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवले आणि त्याचे उत्तर म्हणून 'चांगदेव पासष्टी' आली, ही कथा खानदेशात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. चौदाशे वर्षे जगून कोरा राहिलेला, आणि चार गावच्या नोकऱ्या करून कोरा राहिलेला. नावातील हा उपरोध लेखकाने कुठेही उलगडून सांगितलेला नाही, आणि तो ज्याला त्या गावाचा रस्ता माहीत आहे त्याला आपसूक कळतो. शिवाय चांगदेव राऊळ हे महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी एक. 'हिंदू'तील आत्या महानुभाव पंथात गेलेली आहे आणि तिचा माग वायव्येकडे, फाळणीपलीकडच्या मुलखात जातो, हे लक्षात घेतले तर चांगदेव आणि खंडेराव यांच्यामध्ये पंथाचा एक धागा दिसू लागतो. पण तो दिसतो २०१० नंतर. १९७५ चा वाचक तो पाहू शकत नव्हता, आणि तरीही त्याचे वाचन अपुरे नव्हते.

इथेच असिमॉव्हचे उदाहरण उपयोगी पडते. कादंबरीकार स्वतःच सांधेजोड करतो तेव्हा त्याला संहितेबाहेरचे साधन लागते. असिमॉव्हला प्रास्ताविकातील यादी पुरली. नेमाड्यांच्या बाबतीत हे कार्य त्यांच्या समीक्षेने केले आहे. 'टीकास्वयंवर' (१९९०) मध्ये संगृहीत झालेल्या कादंबरीविषयक लेखनात त्यांनी 'यमुनापर्यटन' (१८५७), 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) या तीन कादंबऱ्यांपासून निघणाऱ्या तीन प्रवृत्ती कल्पून मराठी कादंबरीचा इतिहास मांडला आणि पहिल्या, वास्तवाभिमुख प्रवृत्तीच्या बाजूने कौल दिला. ऐंशीच्या दशकातील देशीयतेच्या भूमिकेने या कौलाला व्यापक सैद्धांतिक आधार दिला. आता या इतिहासात 'कोसला' बसवली की ती बाबा पदमनजींपासून निघालेल्या रस्त्यावरचा एक टप्पा ठरते, आणि तिच्या पुढचे टप्पे अपरिहार्य भासू लागतात. कादंबरीकाराने लिहिलेल्या पुस्तकांना समीक्षकाने कालक्रम पुरवला. दोघे एकच गृहस्थ असल्याने कोणाला तो मागाहूनचा वाटला नाही.

माझा आक्षेप नेमाड्यांवर नाही. आपल्या लेखनाची संगती लावण्याचा अधिकार प्रत्येक लेखकाला आहे. आक्षेप आहे तो ती संगती पुरावा म्हणून वापरणाऱ्या आपल्या अभ्यासावर. देशीयतेच्या उजेडात वाचलेली 'कोसला' ही गावाकडे परतण्याची कादंबरी होते: शहर नाकारून मुळांकडे जाणाऱ्या नायकाची. प्रत्यक्षात पांडुरंग मुळांकडे परतत नाही. जाण्यासारखे दुसरे ठिकाण उरले नाही म्हणून परततो. गाव त्याला सामावून घेत नाही, आणि धाकट्या मनीच्या मृत्यूनंतरचा शोक घर, धर्म, बाप यांपैकी कशातच विसावत नाही. अजिंठ्याचा प्रसंग या दृष्टीने पाहावा. तिथे प्राचीन शिल्प आणि कोवळे दुःख समोरासमोर येतात, पण त्यांतून परंपरेशी नाते जुळत नाही. उलट दोन हजार वर्षांचा काळ समोर असूनही दुःखाला उत्तर मिळत नाही, इतकेच कळते. 'हिंदू'तील मोहेंजोदडोवर प्राचीनता अगदी वेगळे कार्य करते. तिथे ती वारसा आहे: ओझ्याची, अडगळीची, परंतु समृद्ध. अजिंठ्याला मोहेंजोदडोची पूर्वतयारी म्हणून वाचले की 'कोसला'तील निरुत्तर अवस्था ही उत्तराच्या आधीची, तात्पुरती अवस्था होऊन जाते. असिमॉव्हच्या निर्वैयक्तिक इतिहासाला डॅनीलने जे केले, तेच खंडेराव पांडुरंगाला करतो. किंबहुना आपण त्याच्याकडून करवून घेतो.

आमच्या विद्यापीठाच्या परिसरात हा प्रश्न केवळ सैद्धांतिक राहत नाही. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये स्थापन झाले, २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करते, एम. ए.ला येणारी मुले यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, साक्री येथून येतात. 'कोसला' त्यांना कळते ती प्रथम शब्दांतून, केळीच्या बागांतून, बापाच्या बोलण्याच्या तऱ्हेतून. त्यांच्यापैकी अनेकांची अवस्था अजून पांडुरंगाचीच आहे: शिक्षण झाले, नोकरी नाही, गावी परत. अशा विद्यार्थ्याला ही कादंबरी देशीयतेचा पहिला टप्पा म्हणून शिकवली की तो ती उत्तरपत्रिकेत उत्तम मांडतो, पण ती त्याच्याविषयी होती हे मात्र निसटते. उलट, तीन स्वतंत्र पुस्तके म्हणून वाचल्यावर एक विद्यार्थी वर्गात विचारता झाला, की पांडुरंगाचे पुढे काय झाले. लेखकाने तो चांगदेव झाला असे सांगितलेले नाही, हेच या प्रश्नाचे वाङ्मयीन उत्तर आहे.

धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांचा कादंबरीशी संबंध १९०२ च्या 'कादंबरी' या निबंधापुरता सांगितला जातो. पण मालेच्या प्रश्नावर त्यांचा दफ्तरांचा अनुभव अधिक शिकवणारा आहे. त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने प्रसिद्ध केली तेव्हा एका पत्राच्या आणि पुढच्या पत्राच्या मध्ये कधी महिने, कधी वर्षे कोरी होती. त्या कोऱ्या जागेविषयी तर्क लढवायला राजवाडे कधी कचरले नाहीत, आणि त्यांचे काही तर्क धाडसीच होते. तथापि तर्क प्रस्तावनेत राहिला आणि पत्रे आपल्या जागी. नेमाड्यांच्या तीन टप्प्यांवर काम करणाऱ्याने १९६३ आणि १९७५ यांच्यामधली बारा वर्षे आणि १९७९ आणि २०१० यांच्यामधली एकतीस वर्षे याच पद्धतीने हाताळावीत. त्या काळात 'वाचा'सारखी अनियतकालिके निघाली आणि थांबली, महाविद्यालयांची संख्या वाढली, कुणबी घरांतील शेतीचे तुकडे झाले, दलित आणि ग्रामीण साहित्याच्या चळवळींनी कादंबरीपुढचे प्रश्नच पालटले. चतुष्टयातील तृतीयपुरुष या घडामोडींतून आला असेल, 'कोसला'तील प्रथमपुरुषातून नव्हे; आणि तसे असेल तर चांगदेव पाटलाचा पूर्वज पांडुरंग सांगवीकर नसून, साठच्या दशकात तालुक्याच्या गावी एखाद्या संस्थेच्या कार्यालयात नेमणुकीचा कागद हाती घेऊन बाहेर बाकावर बसलेला कोणीतरी नवा प्राध्यापक आहे.